एका ताटाचा स्वयंपाक

एका मुलानं विचारलंय: "नोकरीसाठी सोलापुरात आलोय. जुळे सोलापुरात एकट्यानं खोली घेतली आहे. घरी पोचायला रात्रीचे साडेआठ होतात. एक शेगडी, तीन लिटरचा कुकर, मोठी कढई आणि तवा एवढंच सामान. रोज बाहेरचं खाऊन पोट बिघडलंय. घरी केलं तर एकतर तीन दिवस उरतं, नाहीतर करपतं. रात्री पोटभर होईल असं साधं काय करता येईल?"

वयानं माझ्या मुलीएवढा दिसतोस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. बावीस वर्षं मी खानावळ चालवली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली मुलं, यंत्रमागावरची माणसं, कॉलेजची पोरं, दोन्ही वेळचे मिळून साठेक डबे जायचे. पिठलं असलं की रात्री कढईतल्या खरवडीवरून पोरांची भांडणं व्हायची, ती सोडवायलाही मीच. मग हे गेले, मुलगी पुण्याला गेली, मी खानावळ बंद केली आणि घरात एकटी राहिले. तर गंमत बघ, साठ डब्यांचा स्वयंपाक डोळे झाकून करणाऱ्या मला एका माणसाचा स्वयंपाक येईना. पहिल्या आठवड्यात हाताच्या सवयीनं आमटी टाकली ती तीन दिवस पुरली. चौथ्या दिवशी एप्रिलच्या उन्हानं आंबली आणि ओतून द्यावी लागली. दुसऱ्यांदा हात आखडून केली, ती पातेल्याला लागली. म्हणजे तुझं जे होतंय तेच. तेव्हा जे शिकले ते सांगते.

चौघांच्या कृतीला चारानं भागून एकट्याचा स्वयंपाक होत नाही. डाळ भागता येते, मीठ भागता येतं. पाणी, तेल आणि जाळ मात्र भागत नाहीत. पाण्याची वाफ भांड्याच्या रुंदीवरून जाते, आत किती डाळ आहे ते वाफ विचारत नाही. तुझ्या मोठ्या कढईत वाटीभर आमटी पसरली की दोन उकळ्यांत निम्मी उडते आणि कडेनं करपायला लागते. म्हणून सगळ्यात आधी अर्धा-पाऊण लिटरचं, खोलगट, जाड बुडाचं एक पातेलं घे. जमलं तर लहानशी लोखंडी कढई आणि फोडणीची पळीही. तुझा निम्मा प्रश्न या खरेदीतच सुटेल, पाककृती नंतर.

फोडणीचंही तसंच आहे. रुंद कढईत दोन चमचे तेल टाकलं की ते पसरून नुसतं ओल्या डागासारखं होतं. मोहरी अर्धी तेलात, अर्धी कोरडी. कोरडी तडतडायची वाट बघेपर्यंत जिरं जळतं आणि लसूण काळा पडतो. मग तुम्ही पोरं तेल वाढवता. तेल वाढवू नकोस, कढई तिरकी धर. तेल एका बाजूला डबक्यासारखं गोळा होईल, त्या डबक्यात मोहरी पोहू दे, तिथंच जिरं, तिथंच लसूण. सगळं झालं की कढई सरळ कर.

कुकरमध्ये तळाला दोन वाट्या पाणी लागतंच, आत मूठभर डाळ असो की किलोभर. म्हणून डाळ थेट कुकरात टाकू नकोस. स्टीलच्या खोल वाटीत डाळ आणि दुप्पट-अडीचपट पाणी, वर ताटली, ताटलीवर दुसऱ्या वाटीत तांदूळ किंवा दोन बटाटे. एका जाळावर दोन कामं होतात आणि धुवायला वाट्याच निघतात. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, हे तुला एव्हाना कळलं असेलच. एकट्याच्या स्वयंपाकात भांडी कमी काढणं हासुद्धा स्वयंपाकच. पातेल्यातूनच जेवलास तरी मी तुला रागावणार नाही.

पाण्यावरून आठवलं. डाळ शिजत नाही म्हणून कुकर आणि दुकानदार दोघांनाही शिव्या घालणारे बरेच भेटतात. आधी बघ, पाणी कुठलं घातलंस. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुतेकदा जड असतं, त्यातले क्षार डाळीचा गर आवळून धरतात आणि पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा टचटचीत राहतो. डाळीला प्यायचं पाणी घाल. आणि चिंच, आमसूल, टोमॅटो यांतलं काहीही डाळ मऊ झाल्याशिवाय आत जाता कामा नये. आंबटानं डाळ अडते. हे मी पुस्तकात वाचून नाही, एकदा चाळीस माणसांची आमटी चिंचेसकट चढवून शिकले. रात्री दहा वाजेपर्यंत पोरं ताटं वाजवत बसली होती.

आता रोजच्या रात्रीचं. साडेआठला आलेला माणूस भाजी निवडायला बसला तर साडेनऊला बाहेर वडापाव खायला जाणारच. म्हणून तयारी सुट्टीच्या दिवशी करायची, पण तीन भाज्या शिजवून फ्रीजमध्ये ठेवायची तयारी नव्हे. तो सल्ला बरेच जण देतात, मला पटत नाही. बुधवारपर्यंत तीच वांगी बघून जीव विटतो. शिजलेलं साठवू नकोस, शिजायला सोपं होईल असं साठव. माझ्या फळीवर काय असतं ते सांगते. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट बरणीभर. काळं तिखट, म्हणजे भाजलेले मसाले घालून कुटलेलं तिखट. बेसन. येसर. सोललेला लसूण. चिंच, आमसूल, गुळाचा खडा. ज्वारीचं पीठ, आणि डब्यात कडक भाकरी. एवढं असलं की भाजी नसली तरी जेवण अडत नाही.

येसर माहीत नसेल तर विचारून घे. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरं, खोबरं भाजून काळ्या तिखटासकट दळलेलं पीठ ते, प्रमाण घराघरात वेगळं. लग्नाकार्यात येसरची आमटी लागतेच. एकट्यासाठी ते वरदान आहे. लसणाची फोडणी करायची, दोन वाट्या पाणी ओतायचं, उकळी फुटली की दोन चमचे येसर थंड पाण्यात कालवून सोडायचं, मीठ घालायचं, सात-आठ मिनिटं उकळू द्यायचं. डाळ नाही, वाटण नाही. त्यात भाकरी कुस्करून खा, रात्री भूक लागत नाही.

शेंगांचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण सोलापुरात राहून शेंगदाणा वापरत नसशील तर तू इथं राहतच नाहीस. शेंगदाण्यात वजनाच्या साधारण पाव हिस्सा प्रथिनं असतात, म्हणून मूठभर कूटही आधार देतं. दाणे लोखंडी तव्यावर मंद जाळावर भाज, पंधरा मिनिटं तरी. मोठ्या जाळावर वरून डाग पडतात आणि आत कच्चे राहतात, त्या कुटाची आमटी कितीही उकळली तरी चिकट लागते. निवले की सालं चोळून पाखडून टाक. मिक्सरला लावताना थांबत थांबत फिरव, सलग फिरवलंस तर गोळा होतो.

एका माणसाच्या आमटीला पाव वाटी कूट पुरतं. थोड्या पाण्यात ते मिक्सरमधून गंधासारखं वाटून घे. पातेल्यात तेल, जिरं, तीन पाकळ्या ठेचलेला लसूण, अर्धा चमचा काळं तिखट. तिखट तेलात पडलं की लगेच वाटण घाल, नाहीतर ठसक्यानं शेजारी दार वाजवतील. दीड वाटी पाणी, मीठ, एक आमसूल, चण्याएवढा गूळ. आता जाळ बारीक कर आणि तिथून हलू नकोस, कारण ही आमटी दुधासारखी फसफसून वर येते. सहा-सात मिनिटांनी वर तेलाचे लाल ठिपके दिसायला लागतात. ठिपके दिसले की आमटी झाली, त्याआधी काढलीस तर पाणी वेगळं आणि कूट वेगळं राहील. अंडी खात असशील तर याच उकळत्या आमटीत एक-दोन अंडी अलगद फोडून सोड, झाकण ठेव, चार-पाच मिनिटांत ती आतच घट्ट होतात. हीच आमटी पाणी कमी करून घट्ट केली की तिला आमच्याकडे म्हाद्या म्हणतात, ती भाकरीवर घालून खायची.

डाळीचं एक गुपित करकंबकडून घे. पंढरपूर तालुक्यातल्या या गावची बाजार आमटी प्रसिद्ध आहे: तूर, हरभरा, मसूर, मूग अशा डाळी एकत्र, झणझणीत मसाला आणि मोठमोठ्या पातेल्यांतलं शिजणं. ती मोठ्या पातेल्यातच होते, एकट्याला ती चव तशीच्या तशी येणार नाही, खोटं कशाला सांगू? पण त्यातली मिश्र डाळीची युक्ती उचलण्यासारखी आहे. एका बरणीत तीन वाट्या तूर आणि हरभरा, मसूर, मूग यांची एकेक वाटी डाळ मिसळून ठेव. रोज त्यातली मूठभर, म्हणजे वाटीचा तिसरा हिस्सा, चाळीसेक ग्रॅम भरते. नुसत्या तुरीपेक्षा आमटी दाट होते, कारण मसूर-मूग विरघळून जातात आणि हरभऱ्याची डाळ दाताखाली येते. घरात पाऊल टाकल्याबरोबर, बूट काढायच्याही आधी, डाळ धुऊन गरम पाण्यात भिजत टाक. अंघोळ करून येईपर्यंत अर्धा तास होतो, मग चार शिट्ट्या पुरतात. कुकर उतरेपर्यंत भाकरीचं पीठ.

आणि हो, भाकरी. "काकू, भाकरी जमत नाही, चपातीचं बघतो," असं म्हणणारे माझ्याकडे शेकड्यानं जेवून गेले. एकट्या माणसाला उलट भाकरीच सोपी. चपातीला कणीक भिजवा, मुरू द्या, पोळपाट, लाटणं, तेल, उरलेली कणीक फ्रीजमध्ये काळी पडते. भाकरीला परात आणि हात. एकीपुरतं पीठ घ्या, एक करा.

भाकरी बिघडते ती बहुतेक वेळा पिठानं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, सगळा जोर गरम पाण्यावर आणि ताज्या पिठावर. महिनाभर पडलेल्या पिठाची विरी, म्हणजे एकत्र धरून राहायची ताकद, जाते, थापताना कडेनं तडे जातात, आणि माणूस समजतो आपल्या हाताला वळण नाही. म्हणून पिशवीतलं तयार पीठ घेऊ नकोस. ज्वारी दोन-दोन किलो घे आणि गिरणीतून बारीक दळून आण. मालदांडी माग. मंगळवेढ्याची तीच प्रसिद्ध, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. रब्बीचं पीक आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं. त्या दिवसांत बाजारात नवी ज्वारी येते तेव्हा घरमालकिणीला विचार, त्या वर्षाची भरत असतील तर त्यातली दहा किलो तुला देतील. भाव बरा पडतो आणि ओळखही वाढते.

एका भाकरीला पाऊण वाटी पीठ. साधारण अर्धी वाटी पाणी खळखळून उकळ, मीठ हवं तर चिमूटभर. परातीत पिठाला खळगा करून पाणी ओत, उलथण्यानं हलव, दोन मिनिटं तसंच राहू दे. मग हाताला सोसेल तेव्हा तळहाताच्या टाचेनं रगड. मळणं नको, रगडच. लोण्यासारखं मऊ लागलं पाहिजे. गोळ्याच्या कडा आधी बोटांनी गुळगुळीत कर, तडा गेलेल्या गोळ्याची भाकरी तडकणारच. परातीत पीठ भुरभुरून थाप, मधून सुरुवात करत कडेला जा. गोल झाली नाही तर बिघडलं काय, तू काय पाहुण्यांना वाढणार आहेस? तवा आधीच चांगला तापलेला हवा. भाकरी तव्यावर टाकताना परातीकडची पिठाची बाजू वर येऊ दे आणि तिच्यावरून ओल्या हातानं पाणी फिरव. ते पाणी सुकत आलं, पण अजून पुरतं सुकलं नाही, त्या क्षणी उलट. पूर्ण सुकू दिलंस तर वरचा पापुद्रा चिरतो आणि फुगत नाही. खाली गेलेली पाण्याची बाजू नीट भाजली की तवा बाजूला कर आणि दुसरी बाजू थेट जाळावर धर. पहिल्या आठ दिवसांत सहा भाकऱ्या नकाशासारख्या होतील. त्याही पोटात जाऊन सारख्याच होतात.

ज्या दिवशी हातपाय गळालेले असतील त्या दिवसासाठी कडक भाकरी. इथल्या कितीतरी घरांतल्या बायका त्या करून विकतात, मधला मारुतीच्या बाजूला शेंगाचटणीच्या शेजारीच थप्प्या दिसतील. पातळ थापून मंद आचेवर पापडासारखी वाळवलेली असते, ओल लागली नाही तर बरेच दिवस टिकते. घरी नेल्यावर लगेच डब्यात घाल आणि झाकण घट्ट लाव, पावसाळ्यात एका रात्रीत सादळते. खायची पद्धत अशी: ताटात कडक भाकरी चुरायची, त्यावर शेंगाची चटणी, चमचाभर कच्चं तेल, बारीक चिरलेला कांदा आणि वाटीभर दही. शेगडी पेटवायचीच नाही. याला कोणी जेवण म्हणणार नाही असं तुला वाटेल. इकडच्या शेतांत पिढ्यान् पिढ्या दुपारी हेच खाऊन माणसं संध्याकाळपर्यंत राबली आहेत.

चटणी विकत घेतलीस तरी चालेल, पण ती उखळात कुटलेली बघून घे. कुटताना दाण्यातलं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळा होईल अशी होते. हातात घेऊन दाबलं तर बोटाला तेल लागलं पाहिजे. भुसभुशीत असेल तर ती मिक्सरची. वास खवट येत असेल तर तशीच परत ठेव, लाजू नकोस.

भाजीबाजाराबद्दल थोडक्यात. लक्ष्मी मंडईत किंवा रस्त्यावरच्या पाटीवाल्या मावशींकडे संध्याकाळी जा. किलोच्या भावात अडकू नकोस, "मावशी, एकट्यापुरतं द्या" म्हण. दोन वांगी, एक दोडका, चार गवारी असं द्यायला त्या कुरकुर करत नाहीत, उलट कढीपत्ता वर टाकतात. पालेभाजीची जुडी मात्र एकट्याला मोठीच होते. मेथी असो, शेपू असो की थंडीत कवळी करडई, निम्मी त्याच रात्री करून टाक: लसूण-मिरचीची फोडणी, चमचाभर भिजवलेली मूगडाळ, वर पाला, झाकण न ठेवता पाच-सात मिनिटं. उरलेली निम्मी न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळ. दुसऱ्या रात्री ती धपाट्यात जाते. दोन भाग ज्वारीचं पीठ, एकेक भाग बेसन आणि कणीक, तिखट, हळद, जिरं, मीठ, बारीक चिरलेला पाला, एक कांदा. ओल्या फडक्यावर थापायचं आणि फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं सोडवायचं. चार धपाटे होतात. दोन रात्री दह्याबरोबर, दोन सकाळी डब्यात. हे उरलेलं चालतं, कारण धपाटं दुसऱ्या दिवशी वाईट लागत नाही.

अंबाडी दिसली तर सोडू नकोस. ती मला करायला शिकवली शेजारच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, बाईंनी, त्या तिला पुंटिकुरा म्हणतात. तुरीची डाळ आधी मेणासारखी शिजवायची, अंबाडी वेगळी वाफवून तिच्यात घोटायची, वर लसूण आणि लाल मिरचीची सणसणीत फोडणी. एकदम शिजवायला घातलीस तर डाळ बसेल अडून, मघाशी सांगितलं ना, आंबट. या डाळीबरोबर भात चांगला. सोलापुरात तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी सगळी घरं भिंतीला भिंत लावून आहेत. तुझ्या मजल्यावर कोण राहतं ते बघ, दोन पदार्थ तरी फुकट शिकशील.

खिचडीचं सांगत नाही, ती तुला येत असेल. एवढंच, की उन्हाळ्यात भात किंवा खिचडी रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी खाऊ नकोस. इथं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात. गरम करून घेतला तरी तसा भात पोट बिघडवू शकतो. भाकरी उरली तर चिंता नाही. सकाळी कुस्करून ताकाचा हबका मार आणि कांदा, शेंगदाणे, कढीपत्त्याची फोडणी दे.

मटण खात असशील तर रविवारी पाव किलो पुरे, खाटकाला छोटे तुकडे करायला सांग आणि एक नळी माग. तीन लिटरचा कुकर त्यासाठीच.

आता कोणी म्हणेल, हे सगळं गरिबाचं खाणं, याच्यात ताकद काय? मी खानावळीत हिशेब ठेवायचे, तो सांगते. दोन भाकऱ्यांचं पीठ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, त्यात बाराएक ग्रॅम प्रथिनं. मूठभर डाळीत नऊ. दोन चमचे शेंगाचटणीत चार-पाच. म्हणजे पंचवीस ग्रॅम झाले, आणि दही-अंडं अजून धरलंच नाही. शिवाय ज्वारीत जे कमी पडतं ते डाळ भरून काढते. ऑफिसात बसून काम करणाऱ्या माणसाच्या रात्रीच्या जेवणाला आणखी काय पाहिजे? वर कच्चा कांदा आणि मुळा घे, नाहीतर पोट साफ व्हायचं नाही.

पिठलं मुद्दाम शेवटी ठेवलं. मला विचारशील तर एकट्या माणसानं पहिल्यांदा शिकावं ते हेच. बारा-पंधरा मिनिटांत होतं, आणि चुकलं तरी खाता येतं.

तीन चमचे बेसन, पोह्याच्या चमच्यानं शीग लावून. खानावळीत मी आधणाला बेसन वैरायची, एका हातानं सोडत दुसऱ्या हातानं घोटत. एकट्यापुरत्या पाण्यात ते करू नकोस. बेसन वैरेपर्यंत पाणी आटतं आणि गाठी होतात. सव्वा वाटी थंड पाण्यात बेसन आधीच कालवून ठेव, ताकासारखं दिसलं पाहिजे. लहान लोखंडी कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, पाच पाकळ्या लसूण ठेचून, दोन हिरव्या मिरच्या. लसूण तांबूस झाला की एक कांदा, तो मऊ झाला की हळद, मीठ, आणि कालवलेलं बेसन पुन्हा एकदा ढवळून ओत, कारण ते तळाला बसलेलं असतं. पहिली दोन मिनिटं हात थांबवू नकोस. घट्ट व्हायला लागलं की "झालं" असं वाटतं, तिथंच पोरं फसतात. घट्ट झालेलं बेसन शिजलेलं नसतं. जाळ बारीक कर, झाकण ठेव, पाच मिनिटं. झाकण काढल्यावर कच्चट वास जाऊन लसणाचा वास वर आला पाहिजे आणि कडेनं बारीक बुडबुडे फुटताना दिसले पाहिजेत. ताटात पडल्यावर ते आणखी आळतं, म्हणून हवं त्यापेक्षा जरा पातळ असतानाच थांब. वर कोथिंबीर, आणि जमलं तर कच्च्या तेलाची धार.

पिठलं ताटात काढलंस की कढई लगेच पाण्यात बुडवू नकोस. तळाला थर राहिलेला असतो. तीच कढई झाकण न ठेवता अगदी बारीक जाळावर तीन-चार मिनिटं राहू दे, तू तोवर पहिली भाकरी खा. थर कडेनं सुटून वर उचलायला लागला की उलथण्यानं खरवडून घे. पापडासारखी निघेल, लसणाचे करपट तुकडे चिकटलेली. माझ्या खानावळीत त्या एवढ्याशा खरवडीवर सात-आठ ताटं पुढं यायची. तुला ती सगळी मिळेल.